चारही चाकं ओढतात म्हणजे काय

दोन गाड्यांपैकी कोणती घ्यावी, असं शेठनी मला विचारलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करताहेत. माझ्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. एक मोटारसायकल होती आणि तिच्यावर अर्धा जिल्हा पालथा घातलेला होता. पण शेठ चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही चिखलातच आयुष्य काढलं. तुम्ही म्हणाल ती घेऊ."

चिखलाचं त्यांचं म्हणणं खरं होतं. शेठचा बियाण्यांचा धंदा. जालन्यातल्या मोठ्या कंपन्यांपुढे लहान, पण नाव राखून असलेला. त्यांच्याकडे मी अगदी सुरुवातीपासून प्लॉट बघायला होतो. प्लॉट म्हणजे बियाण्यासाठी शेतकऱ्याच्या रानात लावलेला कापूस. त्यात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. बायका दुपारी मादीच्या कळ्यांमधले पुंकेसर काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कळ्यांवर नराची फुलं फिरवतात. हे काम नेमकं पावसाळ्याच्या भरात येतं. शिवाय शेजारच्या कापसाची भेसळ नको म्हणून प्लॉट बाकीच्या रानांपासून लांब, आडबाजूला धरावा लागतो. म्हणजे पाऊस सुरू, काळी जमीन, आणि जायचं तिथं रस्ता नाही.

दोन गाड्यांतली एक शेठच्या थोरल्या मुलाच्या मनात होती, दुसरी धाकट्याच्या. दोन्ही दिसायला जीपच्या जातीच्या पण आटोपशीर, आत बसलं की मोटारीसारख्या मऊ. थोरल्याची आपल्याकडच्या सुखवस्तू माणसाला परवडेल अशी. धाकट्याची परदेशी, तिचं नाव घेताना तो आवाज जरा खाली आणायचा. दोघांनीही ठरवायचं माझ्यावर टाकलं होतं, आणि दोघंही सांगत होते, आमच्या गाडीची चारही चाकं ओढतात. मग फरक काय, एवढंच मला शोधून काढायचं होतं. मला वाटलं, आठवड्याभरात होईल.

चारही चाकांशी माझी पहिली गाठ पडली ती एक्क्याऐंशी साली. जालना जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. मी कृषी पदवी घेऊन नोकरीला लागलो, आणि शेठनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून एक चाचा होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, घरी उर्दू बोलणारे, आणि माझ्याशी उर्दूची फोडणी दिलेल्या मराठीत. जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन लहान दांडे होते. एकानं पुढची चाकं इंजिनाला जोडली जायची. दुसऱ्यानं जीप हळू पण जास्त ताकदीनं चालायची. एवढ्यानं भागायचं नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची एकेक कडी हातानं फिरवावी लागायची, तेव्हा कुठे ती चाकं कामाला लागायची. चाचांनी ते काम पहिल्याच पावसाळ्यात माझ्याकडे दिलं, कारण त्यांचे गुडघे दुखायचे.

"मागचे चाक ढकलतेत, पुढचे ओढतेत," चाचांनी मला समजावलं होतं. "दोन्ही एकसाथ झाले की गाडी बराबर निघते. पण डांबरी रोडवर हे लावायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

का नाही, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, गाडीला राग येतो.

तो राग मी राजूरच्या रस्त्यावर पाहिला. एका प्लॉटवरून चिखल तुडवून आम्ही डांबरी रस्त्याला लागलो आणि कड्या उलट्या फिरवायला विसरलो. काही वेळानं जीप अशी चालायला लागली की जणू मागून कुणी दोर धरलाय. वळणावर स्टिअरिंग जड होऊन बसलं, टायर किंचाळायला लागले. चाचांनी लहान दांडा मागे ओढला, तो हलेना. मी दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. मग चाचांनी जीप थोडी मागे घेतली, आणि दांडा आपोआप सैल होऊन निसटला. इतका जोर लावून जे झालं नाही ते मागे सरकल्याबरोबर झालं, याचा मला अर्थ लागला नाही.

चाचांचं म्हणणं होतं की गिअर गरम होऊन एकमेकांना चिकटले. जालन्याच्या गॅरेजमधला मिस्तरी म्हणाला की लिलावाची गाडी आहे, पुढचा आस दुसऱ्याच जीपचा बसवलेला असणार, दोघांचं जमत नाही. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माझा एक मित्र होता. तो म्हणाला की वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. चिखलात चाक घसरतं, म्हणून हिशेब आपोआप मिटतो. डांबरावर घसरत नाही, मग ती ओढाताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यांमध्ये साठत जाते. हे मला पटलं. पण आम्ही तर बराच वेळ सरळ चाललो होतो. ते सांगितल्यावर तो म्हणाला, मग पुढचे-मागचे टायर कमीजास्त झिजलेले असतील, त्यानंही होतं. म्हणजे मिस्तरीचंही थोडं खरं निघालं. मी तो विषय तिथंच सोडला. गाडीला राग येतो, हे लक्षात ठेवायला सोपं होतं.

पुढे चाचांची नजर अधू झाली, ते परभणीला मुलीकडे राहायला गेले. जीपही गेली. भाड्याच्या गाड्या आल्या, माझी मोटारसायकल आली, आणि जिथं तीही जात नव्हती तिथं मी पायी जायला लागलो. शेठची मुलं माझ्यासमोर मोठी झाली. थोरला कॉलेज अर्धवट सोडून बियाणं साफ करायच्या कारखान्यात बसला. कमी बोलायचा, सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. धाकटा पुण्याला व्यवस्थापन शिकून आला आणि गावोगावच्या दुकानदारांचं काम बघू लागला. तो बोलका, हसरा, एकदा भेटलेल्या माणसाचं गाव लक्षात ठेवणारा. दोघंही मला काका म्हणायचे. दोघांमध्ये मी कधी वाद ऐकला नव्हता, निदान माझ्यासमोर झाला नव्हता.

गाडीचा प्रश्न माझ्याकडे आल्यावर मी औरंगाबादला गेलो. तिथल्या दोन शोरूममध्ये मी चांगले कपडे घालून गेलो तरी माझ्या चपला बघून त्यांनी ओळखलं असावं की हा घेणारा नाही. तरी बिचाऱ्यांनी नीट सांगितलं.

थोरल्याच्या गाडीबद्दल तिथला विक्रेता म्हणाला की एरवी पुढचीच चाकं ओढतात, त्यामुळे डिझेल कमी लागतं. पुढचं चाक घसरायला लागलं की मागची आपोआप जोडली जातात. तुम्हाला काही करावं लागत नाही, गाडीच ठरवते. मी विचारलं, म्हणजे आधी फसायचं आणि मग मदत येणार? तो म्हणाला, डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. मी विचारलं, आणि फार वेळ घसरत राहिली तर? तो म्हणाला की मागची चाकं जोडणाऱ्या चकत्या तापतात, मग त्या थोडा वेळ सुट्या होतात, पण सर, इतका वेळ कोण घसरतं? मी त्याला आमच्याकडच्या काळ्या रानाबद्दल सांगायचं म्हणत होतो, पण त्याचा फोन वाजला.

धाकट्याच्या गाडीबद्दल दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की हिची चारही चाकं कायम ओढतात, वाट बघायचा प्रश्नच नाही. मला राजूरचा रस्ता आठवला. मी विचारलं, मग डांबरी रस्त्यावर ही अडून कशी बसत नाही? तो म्हणाला, मधोमध एक डिफरन्शियल आहे, ते पुढच्या आणि मागच्या चाकांना कमीजास्त फिरू देतं. हे मला आवडलं. पण मग माझ्या डोक्यात आलं की कमीजास्त फिरू देणार असेल तर एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागल्यावर सगळी ताकद त्याच्याच वाटे निघून जाणार. हे विचारलं तर तो खूश झाला. म्हणाला, अगदी बरोबर, म्हणून त्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते.

चिखलातून निघायला ब्रेक? मी दोनदा विचारलं. त्यानं मला पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. तीन चाकं लोखंडी रुळांवर गरगर फिरताहेत आणि एका चाकाच्या जोरावर गाडी निवांत पुढे सरकतेय. मी ती बघत राहिलो. असले रूळ आमच्या कोणत्याही शेतात नव्हते.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एखादी गोष्ट समजेपर्यंत सोडत नाही. तिनं डब्यांची दोन झाकणं लाटण्याला लावून ओट्यावर फिरवून बघितली आणि वळणावर बाहेरच्या झाकणाला जास्त पळावं लागतं हे तिला लगेच कळलं. ब्रेकचं मात्र तिलाही कळलं नाही. मग झाकणं धुताधुता तिनं विचारलं, "अहो, मुलं एवढी शिकली-सवरलेली आहेत. त्यांनी तुमच्यावर का सोपवलं?"

मी म्हणालो, चिखलाचं आहे म्हणून. ती म्हणाली, असेल. पण तिचा चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

ठरलं असं की दोन्ही गाड्या खऱ्या रानात घालून बघायच्या. थोरल्याच्या साडूकडे त्याच्या पसंतीची गाडी होती, ती त्यानं मागून आणली. धाकट्याच्या पुण्याच्या मित्राकडे ती परदेशी गाडी होती. तो मित्र एका लग्नासाठी जालन्यात आला होता, त्यानं एका दिवसापुरती किल्ली दिली. भाद्रपद चालू होता. चांगला पाऊस होऊन गेला होता आणि त्या दिवशी उघडीप होती. परतूरच्या पुढचा एक प्लॉट मी निवडला. कळ्यांमधले पुंकेसर काढायचं काम जोरात होतं, मला तसंही जायचंच होतं.

निघताना मी कोणत्या गाडीत बसायचं यावरून दोघंही दारात थांबले. मी मधोमध उभा. शेवटी थोरल्यानं आपल्या गाडीचं दार उघडलं, म्हणून मी तिच्यात बसलो. धाकटा हसला आणि म्हणाला, येताना माझ्याकडे.

परतूरपर्यंत डांबरी रस्ता, पुढे मुरमाचा. तिथपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच वाटल्या. नंतर गाडीवाट लागली, दोन्ही बाजूंना काळं रान, मधे खोल चाकोऱ्या. धाकटा पुढे होता, आम्ही मागे. त्याची गाडी पहिल्या चिखलातून इतकी सहज गेली की थोरला ओठ दाबून बघत राहिला. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. मग वाट खाली उतरते ती जागा आली, तिथं पाणी साचून माती लोण्यासारखी झाली होती. काळी माती एकदा टायरात भरली की टायरच्या नक्षीचं काही उरत नाही, चाकाचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. धाकट्याची गाडी हळू झाली. तो आतून जोर देत होता हे आम्हाला दिसत होतं, पण इंजिनाचा आवाज वाढेना. नंतर कळलं की चाकं घसरताहेत म्हणून गाडीनं स्वतःच इंजिनाची ताकद कमी केली होती. गाडी डाव्या अंगाला कलली आणि थांबली.

उजवीकडे बांधाच्या कडेनं गवताची एक पट्टी होती, जेमतेम एक गाडी जाईल एवढी. थोरल्यानं स्टिअरिंग तिकडे वळवलं, वेग तसाच ठेवला आणि धाकट्याच्या शेजारून पुढे निघून गेला. जाताना काचेतून मला धाकटा दिसला. त्यानं एक हात वर केला होता. थांब म्हणून की जा म्हणून, ते मला कळलं नाही. थोरला समोर बघत होता.

आम्ही बरेच पुढे गेलो. समोर मुरमाचा उंचवटा दिसत होता, तिथं पोचलो की सुटलो. पण पोचलो नाही. जळका वास आला, समोरच्या तबकडीत एक दिवा लागला, आणि मागची चाकं ढकलायची थांबली. ते बुडाखाली कळतं. पुढची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागली. थोरल्यानं इंजिन बंद केलं, बूट-मोजे काढून गाडीतच ठेवले आणि चिखलातून मागे चालायला लागला. मीही उतरलो.

धाकटा गाडीच्या दाराला टेकून उभा होता.

"दादा, तू थांबला न्हाईस," तो म्हणाला.

"थांबलो असतो तर माझी पण फसली असती."

धाकट्यानं पुढे उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. "फसलीच की."

कुणी हसलं नाही. मला वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी सांगायला लागलो की काळ्या रानात थांबू नये हे खरंच आहे. एकदा वेग गेला की परत येत नाही, हे मी जीपच्या काळापासून बघत आलोय. धाकट्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "काका, मी गाडीचं न्हाई विचारून राह्यलो."

प्लॉटवाल्या शेतकऱ्याला लांबून सगळं दिसलं होतं. तो ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी कुठं अडकवावी म्हणून त्यानं विचारलं की गाडीची ओढ कोणत्या चाकांना आहे. धाकटा म्हणाला, चारही. थोरला म्हणाला, माझी पुढच्या चाकांना, कधीकधी मागच्या. शेतकरी माझ्याकडे बघायला लागला. मला तरी कुठं नीट सांगता येत होतं? मी म्हणालो, तुम्ही मागून ओढा. त्याच्या ट्रॅक्टरला ओढ फक्त मागच्या दोन चाकांची होती. पण ती माणसाच्या उंचीची चाकं चिखलात दात रोवून चालत होती.

धाकट्यानं मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, तिथं एक बटण आहे ते दाब, मग गाडी इंजिनाचा गळा धरत नाही. बटण दाबलं आणि ट्रॅक्टरनं जरा हिसका दिला, तेव्हा ती परदेशी गाडी लगेच निघाली. आता बटण आधीच दाबलं असतं तर फसलीच नसती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग ट्रॅक्टर थोरल्याच्या गाडीकडे वळला. तोवर तिच्यातला दिवा विझला होता. थोरल्यानं सहज म्हणून इंजिन सुरू करून गाडी मागे घेतली, तर ती स्वतःच्या पायांनी निघाली. इतका वेळ हट्ट धरून बसलेली गाडी नुसती विश्रांती मिळाल्यावर कशी निघते? मी शेतकऱ्याकडे बघितलं, त्यानं खांदे उडवले आणि साखळी गोळा केली.

मग मी प्लॉट बघितला. काम चांगलं चालू होतं. बायकांना दोन गाड्यांची गंमत बांधावरून दिसली होती, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. कळ्या बघताना माझं लक्ष लागत नव्हतं.

येताना मी कबूल केल्याप्रमाणे धाकट्याच्या गाडीत बसलो. परतूरला पोचलो तर रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, डबे संपता संपेनात. तेव्हा त्यानं विचारलं, "काका, तुम्ही दादाच्या शेजारी बसल्ते. मी हात केला तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर गेल्ता का?"

मी आठवून बघितलं. मी त्या वेळी काचेतून याच्याकडे बघत होतो, थोरल्याच्या पायाकडे नाही. गाडी जरा हळू झाल्यासारखी वाटली होती, पण ती गवतामुळे असेल, वळवल्यामुळे असेल. मी म्हणालो, माहीत नाही. त्यानं मान हलवली. फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेलो. कारखान्यात मागच्या बाजूला त्यांची खोली होती, तिथं ते एकटेच बसले होते. मी रात्रभर मनाशी जुळवलेलं सगळं सांगितलं. एक गाडी कायम चारही चाकांवर आहे, त्यामुळे मुरमावर, ओल्या डांबरावर तिची पकड उत्तम, पण ती फार शहाणी आहे, चिखलात आपणहून जोर काढून घेते, बटणाचं ध्यान ठेवावं लागतं. दुसरी गरजेपुरती मागची चाकं जोडते, रोजच्या खर्चाला बरी, थोड्या चिखलात काम भागवते, पण लांबच्या चिखलात तापून हात वर करते. दोघींच्याही टायरांना आपली माती झेपत नाही, टायर बदलले तर कदाचित सगळंच चित्र बदलेल. तेव्हा एकीला चांगली म्हणणं अवघड आहे. हे सांगताना मला स्वतःचाच थोडा अभिमान वाटत होता. इतकं मला समजलं होतं.

शेठनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "थोरला थांबू शकला असता का?"

म्हणजे दोघांनीही घरी जाऊन सांगितलं होतं. मी म्हणालो, "थांबला असता तर फसला असता."

"तसाही फसलाच ना?"

"हो."

"मंग?"

 मी म्हणालो की कदाचित त्याच्या मनात असं असेल, दोघंही अडकण्यापेक्षा एकानं बाहेर पडावं आणि मदत आणावी.

"त्यानं तुम्हाला तसं म्हणलं?"

"नाही."

"मंग तुम्ही का त्याच्या मनातलं सांगून राह्यले?" शेठ रागावले नव्हते. ते खरोखरच विचारत होते. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यातच दोन्ही मुलांनी वेगळं व्हायचं त्यांच्यापुढे काढलं होतं. आधी कुणी काढलं हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. शेठनी वेळ मागून घेतला होता आणि मध्येच गाडीचा विषय टाकून दिला होता. दोघं मिळून एक गोष्ट ठरवतात का, ते त्यांना बघायचं होतं.

मी विचारलं, "म्हणजे गाडी घ्यायचीच नव्हती?"

"घेतली असती की. दोघांनी मिळून एक म्हणले असते तर त्याच दिवशी घेतली असती. त्यांनी तर तुमच्यावर टाकलं. मीच म्हणलो मंग, चला, ते तरी काय सांगतेत बघू."

मला तिथून उठताना राग यायला हवा होता, असं बायको नंतर म्हणाली. मला राग आला नाही. मला औरंगाबादच्या त्या दोन विक्रेत्यांचे चेहरे आठवत होते, मी त्यांना किती बारीक बारीक विचारलं होतं. आणि मला हेही कळत नव्हतं की मी सांगितलेलं सगळं चूक होतं का. गाड्यांबद्दल तर ते बरोबरच होतं.

वाटणी पुढच्या वर्षी झाली. भांडण झालं नाही, वकील आले नाहीत. कारखाना आणि प्लॉट थोरल्याकडे राहिले. धाकट्यानं आपला हिस्सा घेऊन पुण्याकडे भाजीपाल्याच्या बियाण्यांचं काम सुरू केलं, आणि ते चांगलं चाललं. दोघांनीही मला आपल्याकडे बोलावलं. मी थोरल्याकडे राहिलो. कारण विचाराल तर प्लॉट त्याच्याकडे होते, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. पण धाकट्यानं त्याचा काय अर्थ लावला असेल, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. तो दिवाळीला येतो, माझ्या पाया पडतो, बायकोला शाळेचं विचारतो. त्याच्या वागण्यात काही कमी नाही. दोन्ही भाऊही एकमेकांशी इतकं नीट बोलतात की शेठ एकदा मला म्हणाले, पाहुण्यासारखे बोलतेत, त्यापेक्षा भांडले असते तर बरं.

गाडीचं पुढं असं झालं की धाकट्यानं पुण्यात साधी मोटार घेतली, जिची फक्त पुढची चाकं ओढतात. तो म्हणाला, काका, मला आता कुठं रानात जायचंय. आणि थोरल्यानं, ज्यानं परदेशी गाडीला शेवटपर्यंत नावं ठेवली होती, त्यानं काही वर्षांनी तीच घेतली. तोच रंग. मला धक्काच बसला. मी विचारलं, तुमची पसंत तर दुसरी होती. तो कारखान्याच्या दारात उभा होता, गाडीकडे न बघता म्हणाला, "त्याला गाड्यांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, काका. पहिल्यापासून." मग हे तेव्हाच का म्हणाला नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

ती गाडी त्यानं कधी चिखलात घातली नाही. प्लॉटला आम्ही भाड्याच्या जीपनं जायचो, नाहीतर मोटारसायकलनं.

एका संकष्टीला त्यानं मला आणि बायकोला राजूरला गणपतीच्या दर्शनाला नेलं. दर्शन झालं, प्रसाद घेतला, परत निघालो. रस्ता कोरडा, ऊन पडलेलं. मधेच गाडीच्या तबकडीत एक पिवळं चिन्ह उजळलं. गाडी चांगली चालत होती, आवाज नाही, वास नाही. थोरल्यानं गाडी कडेला घेतली, मला चिन्ह कशाचं म्हणून विचारलं. मला ओळखता आलं नाही. त्यानं गाडीसोबत आलेलं जाड पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, पुण्याला त्यालाच विचारतो, आणि फोन घेऊन खाली उतरला.

आम्ही आत बसून राहिलो. तो बोलत बोलत बाभळीच्या सावलीत गेला, मग बांधावरून रानात. एकदा हसलेला ऐकू आला. एकदा बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. बायकोनं प्रसादाची पुडी सोडली, आम्ही दोघांनी थोडा थोडा खाल्ला. शेवटी तो परत आला, सीटवर बसला, पट्टा लावला. पिवळं चिन्ह तसंच होतं.

मी विचारलं, "काय म्हणाला, कशाचं आहे ते?"

त्यानं तबकडीकडे बघितलं. "विचारायचंच राहिलं," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.